नियोजन मंडळाला शेती शिकवायची म्हणजे नेमकं काय?

१९२६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ओहायो राज्यातल्या युक्लिड या गावाचा खटला निकाली निघाला. गावाने आपल्या हद्दीचे विभाग पाडले होते: इथे फक्त घरं, इथे दुकानं, इथे कारखाने. त्यामुळे आपल्या जमिनीचा भाव पडला, अशी एका जमीन कंपनीची तक्रार होती. न्यायालयाने गावाच्या बाजूने कौल दिला आणि झोनिंगला, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय चालेल हे आधीच ठरवून टाकण्याच्या पद्धतीला, कायद्याचा पक्का आधार मिळाला. निकाल लिहिताना न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी डुकराचा दाखला दिला. गोठ्याच्या आवारातल्या डुकराबद्दल कुणाची तक्रार नसते, तेच दिवाणखान्यात शिरलं की उपद्रव ठरतं.

पुढच्या शंभर वर्षांत घडलं ते बरंचसं याच्या उलट. डुक्कर होतं तिथेच राहिलं आणि दिवाणखाने त्याच्या दिशेने सरकत गेले. शहरं पसरली, शेतांच्या कडेला वसाहती उभ्या राहिल्या आणि वास, धूळ, आवाज, रस्त्यात अडलेला ट्रॅक्टर यांच्या तक्रारी स्थानिक नियोजन मंडळापुढे, म्हणजे झोनिंगचे नियम आणि त्याखालचे अर्ज पाहणाऱ्या समितीपुढे, येऊ लागल्या. या मंडळावर असतं कोण? अमेरिकेत बहुतेक ठिकाणी नेमलेले साधे नागरिक. एखादे निवृत्त शिक्षक, एखादी विमा एजंट, एखादा दुकानदार, नशीब असेल तर एखादा शेतकरी. एकट्या मिशिगन राज्यात बाराशेहून जास्त टाउनशिप, म्हणजे गावपातळीवरचे स्थानिक कारभाराचे विभाग, आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांचे झोनिंगचे नियम आपापले. पगारी नियोजनकार असतात, पण त्यांचं शिक्षण शहराचं. किती चौरस फुटांच्या दुकानाला किती गाड्यांचं पार्किंग लागतं हे ते झोपेतही सांगतील. शेणकाला शेतात कधी पसरतात आणि तेव्हाच का, हे त्यांना अभ्यासक्रमात कुणी शिकवलेलं नसतं.

अशा मंडळींना प्रशिक्षण द्यायची सोय आहे. न्यूयॉर्क राज्यात २००७ पासून नियोजन मंडळाच्या प्रत्येक सदस्याला दरवर्षी किमान चार तासांचं प्रशिक्षण घ्यावंच लागतं. केंटकीत नव्या सदस्याला सुरुवातीला चार तास आणि नंतर दर दोन वर्षांत आठ तास सक्तीचे आहेत. मिशिगन राज्य विद्यापीठाचा विस्तार विभाग खास नागरिक सदस्यांसाठी ‘सिटिझन प्लॅनर’ नावाचा अभ्यासक्रम चालवतो. पण चार तास म्हणजे किती? सुनावणी कशी घ्यायची, नोटीस कशी काढायची, हितसंबंध असतील तर मतदानातून बाजूला कसं व्हायचं, एवढ्यातच ते सहज संपतात. शेतीची पाळी आली तर शेवटच्या वीस मिनिटांत येते.

उरलेली जागा म्हणजे शेती?

झोनिंगचा जुना नकाशा समोर घेतला तर घरांचे, दुकानांचे, उद्योगांचे विभाग काळजीपूर्वक आखलेले दिसतात. ते आखून जे शिल्लक राहिलं, ते शेती. कुणी बसून ‘इथे शेती असावी’ असं ठरवलेलंच नसतं. नियोजनकारांच्या भाषेत अशा विभागाला चक्क थांबवून ठेवलेली जमीन म्हणतात. म्हणजे खरा उपयोग पुढे ठरेल, तोवर पिकू दे काहीतरी. मग अशा विभागात विशेष परवानगीने काय काय चालतं याची यादी वाचावी: गोल्फचं मैदान, कचरा डेपो, नेमबाजीचं मैदान, मोटारींच्या शर्यतींचा ट्रॅक. बाकी कुठे नको असलेलं सगळं इथे, कारण ‘तिथे जागा आहे’.

प्रशिक्षणाने पहिल्यांदा मोडायची समजूत हीच. शेत हा चालू धंदा आहे. त्याला यंत्रं लागतात, माल आणणारे-नेणारे ट्रक लागतात, मजूर लागतात, वेळापत्रक असतं, आणि ते वेळापत्रक हवामान ठरवतं. शिवाय एकटं शेत फार दिवस तग धरत नाही. खताचा दुकानदार, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, जनावरांचा डॉक्टर, धान्य विकत घेणारा, हे सगळे आसपास टिकायचे तर त्यांना पुरेशी शेतं लागतात. मध्ये मध्ये वसाहती घुसल्या की शेवटी उरलेल्या शेतकऱ्याला एका सुट्या भागासाठी दूर जावं लागतं. म्हणून ‘फक्त या एका तुकड्याचा विभाग बदलून द्या’ या अर्जाचा विचार तेवढ्या तुकड्यापुरता करता येत नाही.

दुसरी गोष्ट मातीची. नकाशावर सगळी शेतजमीन एकाच रंगाची असली तरी जमिनीखाली तशी नसते. अमेरिकेत जमिनीची क्षमता पहिल्या ते आठव्या वर्गात मोजतात; पहिला वर्ग पिकांसाठी उत्तम, आठवा जवळपास निरुपयोगी. माती-सर्वेक्षणाचे नकाशे सरकारने सगळ्यांसाठी मोफत खुले ठेवलेत, म्हणजे मंडळाच्या सदस्याला अर्जातल्या जमिनीची माती घरबसल्या पाहता येते. १९८१ च्या शेतजमीन संरक्षण कायद्याखाली संघराज्य सरकारच्या प्रकल्पांसाठी गुण देण्याची पद्धत आहे: मातीच्या गुणवत्तेला १०० पर्यंत गुण आणि जागेच्या परिस्थितीला १६० पर्यंत. जागेची परिस्थिती म्हणजे आजूबाजूला शेती किती उरली आहे, शहराचं पाणी आणि सांडपाण्याची लाइन किती जवळ आहे, वगैरे. एकूण २६० पैकी १६० च्या खाली गुण पडले तर त्या जमिनीसाठी पर्यायी जागा शोधण्याची सक्ती राहत नाही. मला या पद्धतीतलं आवडतं ते हे की ती दोन प्रश्न वेगळे ठेवते. माती चांगली आहे का, आणि इथे शेती टिकेल का. उत्तम माती चारही बाजूंनी वसाहतींनी वेढली गेली असेल तर ते आधीच हरलेलं शेत असू शकतं. आणि मध्यम मातीचा पण सलग शेतांचा पट्टा वाचवण्याजोगा असू शकतो.

दहा एकरांचा सापळा

‘शेती वाचवायची’ म्हणून मंडळं हमखास एक नियम करतात: शेती विभागात प्लॉट किमान दहा एकरांचा हवा. ऐकायला भक्कम वाटतं. मोठे प्लॉट म्हणजे कमी घरं, कमी घरं म्हणजे शेती शाबूत. प्रशिक्षणात याचं गणित फळ्यावर मांडायलाच हवं.

समजा १६० एकरांचं शेत आहे. किमान दहा एकरांचा नियम लावला तर त्याचे १६ प्लॉट पडतात आणि १६० च्या १६० एकर जमीन घरांच्या आवारात जाते. दहा एकरांचा मालक शेती करतो का? क्वचित. हिरवळ राखायला तो तुकडा फार मोठा आणि मोठ्या ट्रॅक्टरला वळायला फार लहान. चार घोडे, थोडं रान, लांबलचक खासगी रस्ता, संपलं.

आता नियम उलटा करू. दर ४० एकरांमागे एक घर, आणि त्या घराचा प्लॉट जास्तीत जास्त दोन एकरांचा. त्याच १६० एकरांत चार घरं होतात, त्यांना मिळून आठ एकर लागतात, आणि १५२ एकर सलग उरतात. पहिला नियम किमान आकार सांगतो, दुसरा कमाल. एका शब्दाचा बदल, पण एका नियमात शेत संपतं आणि दुसऱ्यात राहतं. त्यात ही चार घरं मातीच्या कमी प्रतीच्या कोपऱ्यात, रस्त्यालगत, एकमेकांना धरून बांधा अशी अट घातली तर आणखी बरं.

किमान आकार ठेवायचाच असेल तर तो खऱ्या शेताच्या मापाचा हवा. ओरेगन राज्याने १९७३ साली राज्यभर नियोजनाचा कायदा केला, शहरांना वाढीच्या सीमा आखून दिल्या आणि सीमेबाहेरची चांगली जमीन केवळ शेतीसाठी राखली. तिथे पिकाऊ जमिनीसाठी किमान तुकडा ८० एकरांचा आणि चराऊ रानासाठी १६० एकरांचा आहे. मेरीलँडमधल्या मॉन्टगोमेरी काउंटीने (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) १९८० मध्ये वेगळी वाट काढली. वॉशिंग्टन शहराच्या अगदी शेजारचे सुमारे ९३,००० एकर शेतीसाठी राखून तिथे २५ एकरांमागे एकच घर ठेवलं. पण मालकांना दर पाच एकरांमागे एक बांधकाम हक्क दिला, जो काउंटीतल्या दुसऱ्या, दाट वस्तीच्या भागात बांधणाऱ्या बिल्डरला विकता येतो.

हा हक्क विकण्याचा मुद्दा वरवरचा नाही. पुष्कळ शेतकऱ्यांची आयुष्यभराची पुंजी म्हणजे ती जमीनच. मुलं शेतीत नाहीत, वय झालंय, आणि कालपर्यंत घरांसाठी विकता येणारी जमीन मंडळाने रातोरात शेतीसाठी बांधून टाकली, तर सुनावणीत सर्वांत मोठा आवाज ‘वाचवलेल्या’ शेतकऱ्याचाच असतो. शेती आणि शेतकरी यांचं हित दरवेळी एकच असेल असं नाही, हे प्रशिक्षणात आडपडदा न ठेवता सांगितलेलं बरं.

आधी कोण होतं?

ॲरिझोनात फिनिक्स शहराच्या पश्चिमेला जनावरं पुष्ट करण्याचे मोठे वाडे होते. १९५९ मध्ये बिल्डर डेल वेब यांच्या कंपनीने त्या भागात सुमारे २०,००० एकर शेतजमीन घेतली आणि निवृत्तांसाठी सन सिटी ही वसाहत बांधायला सुरुवात केली. जमीन स्वस्त होती, कारण ती शेतांच्या मधोमध होती. वसाहत दक्षिणेला वाढत गेली. स्पर इंडस्ट्रीजचा जनावरांचा वाडाही वाढत गेला. खटला उभा राहिला तेव्हा वाड्यात वीस-तीस हजार जनावरं होती आणि रोजचं ओलं शेण दहा लाख पौंडांहून जास्त. माश्या आणि वास यांनी वसाहतीतले लोक हैराण झाले होते, प्लॉट विकले जाईनात.

१९७२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल आजही जमीन-कायद्याच्या वर्गांत शिकवतात. वाड्याला तिथून हलावं लागेल, कारण राहायला आलेल्या लोकांचा दोष नाही. मात्र हलण्याचा खर्च बिल्डरने द्यायचा, कारण शेतीच्या भागात स्वस्त जमीन घेऊन गिऱ्हाइकांना तिथे आणलं त्यानेच.

निकाल न्यायाचा, पण दोन्हीकडच्या पैशाची आणि वर्षांची राखरांगोळी झाल्यावर आलेला. नियोजनाचं काम ही वेळ येऊ न देण्याचं. त्याचं सगळ्यांत साधं हत्यार अंतर, आणि इथे मंडळं एकच बाजू पाहतात. नव्या गोठ्याने घरांपासून किती लांब राहायचं हे नियमात असतं. नव्या घराने जुन्या गोठ्यापासून किती लांब राहायचं हे नसतं. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने दोन्ही बाजूंची सूत्रं केली आहेत. एक सूत्र नव्या बांधकामासाठी, दुसरं नव्या किंवा वाढवलेल्या गोठ्यासाठी. जनावर कुठलं, संख्या किती, शेण साठवायची पद्धत उघडी की झाकलेली, यांवरून अंतर निघतं, आणि एकट्या घरापेक्षा वसाहतीसाठी ते जास्त असतं. सूत्र असलं की सुनावणीत ‘मला वास सहन होत नाही’ विरुद्ध ‘आम्ही चार पिढ्या इथे आहोत’ हा सामना टळतो.

आवाजाचं तसंच. रात्री दहानंतर यंत्रं बंद, हा नियम वसाहतीत शहाणपणाचा आहे. पण मक्याची काढणी सुरू झाली आणि पाऊस येतोय असं दिसलं की हार्वेस्टर मध्यरात्रीपर्यंत चालतो, धान्य वाळवणारे पंखे अहोरात्र सुरू राहतात. फळबागेत दंव पडायची भीती असेल तर हवा घुसळणारे मोठे पंखे नेमके पहाटेच लागतात. मंडळाने यातलं काही बंद करायचं ठरवलं तर ते व्यवहारात पीक बंद करतं.

मंडळाचा हात कुठपर्यंत पोचतो?

इथे प्रशिक्षणाची कायद्याची बाजू येते, आणि ती राज्यागणिक बदलते. अमेरिकेतल्या पन्नासही राज्यांत ‘शेती करण्याच्या हक्काचे’ कायदे आहेत. नियमाप्रमाणे चालणाऱ्या शेताला उपद्रवाच्या दाव्यापासून ते कमी-अधिक संरक्षण देतात. आयोवात १९४७ पासून काउंटीच्या झोनिंगला शेतीला हात लावता येत नाही. ओहायोत पाच एकरांहून मोठ्या जागेवरच्या शेतीबाबत टाउनशिपचं झोनिंग जवळजवळ हतबल आहे. पेनसिल्व्हेनियात २००५ च्या कायद्याने शेतकऱ्याला थेट राज्याच्या महान्यायवादींकडे जाऊन ‘आमच्या गावचा हा नियम तपासा’ म्हणता येतं. मिशिगनमध्ये राज्याने ठरवलेल्या शेती-पद्धती पाळणाऱ्या शेताविरुद्ध गावाचा नियम टिकत नाही. मात्र २०१४ मध्ये जनावरांच्या जागेविषयीचे निकष बदलून दाट वस्तीचे भाग त्यातून वगळले, त्यामुळे परसातल्या कोंबड्यांचा प्रश्न पुन्हा गावाकडे आला.

हे संरक्षणही अमर्याद नाही. आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये अशाच एका संरक्षणावर बोट ठेवलं: शेजाऱ्याचा दाव्याचा हक्क मोबदला न देता काढून घेणं म्हणजे त्याच्या मालमत्तेचा भाग घेणं. सदस्यांनी हे खटले पाठ करायची गरज नाही. आपल्या राज्यात आपल्याला काय करता येत नाही एवढी एका पानाची यादी खिशात असली तरी खूप. नाहीतर मंडळ उत्साहात नियम करतं आणि गावाच्या तिजोरीतून वकिलाची फी जाते.

लग्न ही शेती आहे का?

पूर्वी शेती म्हणजे काय यावर वाद नव्हता. आज शेतकरी दूध विकतो, त्याचं चीज करतो, चीज चाखायला लोकांना बोलावतो, भोपळ्याच्या मोसमात मुलांसाठी मक्यात चक्रव्यूह कापतो, आणि जुनं कोठार लग्नाला भाड्याने देतो. यातली शेती कुठे संपली? तोटा भरून काढायला हे उद्योग लागतात हे खरं, आणि शनिवारी रात्री दीडशे गाड्या अरुंद रस्त्यावर येतात हेही खरं.

‘शेतीपूरक’ एवढा एक शब्द नियमात लिहून मोकळं होणारी मंडळं पुढे अडचणीत येतात. मोजता येईल अशी व्याख्या हवी. शेतावरच्या दुकानासाठी मिशिगनचा निकष उपयोगी आहे: विक्रीच्या जागेतला निम्मा तरी माल त्या शेताशी जोडलेल्या शेतीतला हवा. समारंभांसाठी वर्षाला किती, किती माणसांचे, संगीत किती वाजेपर्यंत, गाड्या कुठे, स्वच्छतागृहाचं काय, आणि शंभर वर्षांच्या लाकडी इमारतीत दोनशे माणसं बसवायची तर आगीतून बाहेर पडायच्या वाटा किती. शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे.

आकाराचा प्रश्नही व्याख्येतच येतो. घरामागच्या दहा कोंबड्या आणि २,५०० डुकरांची शेड यांना एकच शब्द पुरत नाही. संघराज्याच्या जलप्रदूषण नियमांनी मोठ्या पशुशाळेची मर्यादा आखून दिली आहे: ७०० दुभत्या गायी, १,००० मांसाची जनावरं, ५५ पौंडांवरची २,५०० डुकरं. शेतीविषयी आस्था म्हणून मंडळाने प्रत्येक शेडपुढे मान तुकवावी, असं नाही.

सौरऊर्जेच्या प्रकल्पांवर स्वतंत्र लेख लागेल, म्हणून थोडक्यात. एका मेगावॅटला साधारण पाच ते दहा एकर लागतात आणि सपाट, निचऱ्याची, वीजवाहिनीजवळची जमीन कंपनीला हवी असते; शेतकऱ्यालाही तीच. परवानगी द्यायची की नाही यापेक्षा अटी जास्त मोलाच्या: वरची माती खरवडू नका, जमिनीखालच्या निचऱ्याच्या नळ्या तोडल्या तर जोडून द्या, आणि प्रकल्प संपल्यावर सगळं काढून नेण्यासाठी लागणारी रक्कम आधीच ठेव म्हणून भरा.

वर्ग कसा घ्यायचा?

माझ्या मते निम्मं प्रशिक्षण शेतावर व्हावं. काढणीच्या यंत्राच्या रुंदीशेजारी माणूस उभा राहिला की गावाच्या नव्या रस्त्याला दोन्हीकडून उंच कठडे आणि मध्ये लहान गोल चौक का नको, हे सांगावं लागत नाही. दुग्धशाळा, भाजीचा मळा आणि मोठी पशुशाळा, तिन्ही दाखवावीत. एकच देखणं शेत दाखवलं तर ती सहल होते. आयोजक फक्त शेतकरी संघटना असू नये. ज्याच्या घरापर्यंत वास येतो त्या शेजाऱ्यालाही बोलतं करावं.

एक कायदेशीर खबरदारी मात्र घ्यायची. ज्याचा अर्ज मंडळापुढे पडून आहे त्याच्या शेतावर ही सहल न्यायची नाही. सुनावणीबाहेर एका पक्षाकडून ऐकलेलं निर्णयात शिरलं, असा आक्षेप येतो आणि तो न्यायालयात टिकू शकतो. मंडळाचे बहुसंख्य सदस्य एकत्र जमले तर अनेक ठिकाणी ती कायद्याने बैठकच ठरते. मग जाहीर सूचना काढावी लागते. शेतकरी सदस्य असेल तर त्याच्या बांधाला बांध लागून असलेल्या शेताचा अर्ज आल्यावर त्याने कधी उठून जायचं, हेही तिथेच ठरवून घ्यावं.

वर्गात भाषणं कमी आणि कागद जास्त हवेत. प्रत्येकाच्या हाती आपल्याच गावाची नियमावली द्यावी आणि त्यातली शेतीची व्याख्या खोडून पुन्हा लिहायला लावावी. मग त्या व्याख्येवर पाच अर्ज चालवून पाहावेत: मधमाश्यांच्या पेट्या, हंगामी मजुरांसाठी खोल्या, कोठारातलं लग्न, शेतावरचा चीजचा कारखाना, दहा एकरांवरचे सौर पॅनेल. दोन गटांनी एकाच व्याख्येवरून उलटे निर्णय दिले की व्याख्या पुन्हा लिहायची.

आणि वेळापत्रक. प्रशिक्षण असो की शेतीच्या नियमांवरची सुनावणी, ती पेरणीत आणि काढणीत ठेवू नये. वर्षभराच्या बैठकांच्या तारखा ठरतात तेव्हाच काउंटीच्या कृषी विस्तार कार्यालयाला एक फोन करून ते दोन-तीन आठवडे विचारून घ्यावेत. नाहीतर सभागृह भरतं ते फक्त तक्रारदारांनी, आणि ज्यांच्याविषयी निर्णय व्हायचा ते शेतात असतात.